पुढे सरकवू या

त्या कंपनीत कुणी कुणाला ‘नाही’ म्हणत नसे. लेखी नियम असा काही नव्हता, पण कॅप्टनने एकदा सगळ्यांच्या मीटिंगमध्ये सांगून टाकलं होतं की नकार हा वाढीचा शत्रू आहे, आणि त्या दिवसापासून नकार बंद झाला. पगारवाढ मागितली की ‘पुढे सरकवू या’. काम आवरत नाही, मदतीला एखादा माणूस द्या म्हटलं की ‘पुढे सरकवू या’. एकाने वैतागून राजीनामा दिला, तर त्यालाही तेच उत्तर गेलं आणि बिचारा कितीतरी दिवस तसाच सरकत राहिला.

कॅप्टन म्हणजे कंपनीचा मालक, पण मालक म्हटलेलं त्याला खपत नसे. सव्वीस वर्षांचं पोरगं. मीटिंगच्या पडद्यावर त्याच्या पाठीमागे कायम समुद्रकिनाऱ्याचं खोटं चित्र, आणि मान जरा हलली की त्या चित्रात त्याचा एक कान गडप व्हायचा. “आपण कंपनी नाही, कुटुंब आहोत,” हे त्याचं पालुपद. कुटुंब, म्हणून सगळ्यांनी सगळ्यांना अरे-तुरे करायचं. हिशेब पाहणारे एक पन्नाशीचे गृहस्थ होते, त्यांना कालची पोरं विचारायची, “काय रे, माझं बिल टाकलंस का?” ते पडद्यावर हसायचे. कॅमेरा बंद केल्यावर काय म्हणायचे ते त्यांच्या बायकोला ठाऊक. ऑफिस नावाची वस्तूच नव्हती. ज्याने त्याने आपापल्या घरी बसायचं आणि पडद्यावरच्या चौकोनात दिसायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना? इथे उंटाचाही खर्च वाचवला होता.

कंपनी मात्र वाढत होती. किती, तर सकाळी रुजू झालेला माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंत जुना व्हायचा आणि संध्याकाळी नव्यांना शिकवायला बसायचा. आणि विकत काय होती? तर रजा! म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना त्यांच्या माणसांच्या रजा सांभाळायचं सॉफ्टवेअर. ब्रीदवाक्य होतं, ‘आधी माणूस’. आपलं औषध आपणच आधी चाखायचं असा कॅप्टनचा हट्ट, त्यामुळे कंपनीतल्या लोकांच्या रजाही त्याच सॉफ्टवेअरमधून जायच्या. रजा वाटेल तेवढी घ्या, मोजणार नाही, असं नोकरीच्या जाहिरातीत ठळक लिहिलेलं असायचं. मोजत नव्हते हे खरं. कुणी घेतलीच नाही तर मोजणार काय, कपाळ!

आपला गडी यातल्याच एका चौकोनात. घरात शेंडेफळ, म्हणून घरचे त्याला धाकटा म्हणत. आपणही तेच म्हणू. कपडे धुण्याच्या एका दुकानावर त्याची भाड्याची खोली होती. खाली दिवसभर वाफेची इस्त्री फुसफुसायची, दुपारी फरशी अशी तापायची की तो पाय खुर्चीवर घेऊन बसायचा. कॅमेऱ्याला दिसेल तेवढी भिंत त्याने स्वच्छ ठेवली होती. बाकी खोलीकडे बघवत नव्हतं.

एका सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे थोरली बहीण, बाबांजवळ तीच राहायची.

“डॉक्टरांनी तारीख दिली रे,” ती म्हणाली. “महिन्याच्या शेवटी. आणि… आवाज काही राहणार नाही म्हणतात. स्वरयंत्रच काढायचंय.”

बाबांचा आवाज! अहो, त्या माणसाने जन्मभर आवाजच विकला होता. भाजीच्या घाऊक बाजारात ते लिलाव पुकारायचे. फळीवर उभे राहून एकदा ओरडले की पलीकडच्या फाटकातला हमाल मान वर करायचा. नोकरी संपली तरी तोंड काही निवृत्त झालं नाही. दारात आलेल्या पोस्टमनला चहा पाजून अर्धा तास अडकवायचे, नळवाल्याला नळाची सात पिढ्यांची हकीकत सांगायचे. घशात गाठ निघाली होती, जगायचं तर आवाज द्यायचा, असा सौदा होता. आवाजाच्या बदल्यात गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं असं डॉक्टर म्हणाले, तर बाबा म्हणाले, “मला त्यांनी ऐकवलं ते. त्यातून भुंगा बोलतो, मी नाही.”

मग बाबांनी स्वतः फोन घेतला. फोनवर बोलणं म्हणजे त्यांना चिमट्याने जेवल्यासारखं वाटायचं.

“ऐक. ऑपरेशनच्या आधी चार दिवस ये. काही विशेष नाही, नुसतं बोलायचंय. समोर बस. आणि ते खोकं आणायचं नाही.”

खोकं म्हणजे लॅपटॉप. तुम्ही म्हणाल, घरूनच काम, तर बापाच्या घरून करायला काय हरकत? केलं होतं. गेल्या खेपेला गेला तेव्हा आठवडाभर आतल्या खोलीत दार लावून मीटिंगा करत बसला होता, आणि बाबा बाहेर हातात पेरू घेऊन. “तेव्हा मी आठवडाभर तुझ्या दाराशी बोललो,” बाबा म्हणाले. “या वेळी तुझ्याशी बोलू दे.”

“येतो बाबा,” धाकटा म्हणाला, आणि त्याच दिवशी त्याने रजा मागितली.

पहिली मॅनेजर एक चष्मेवाली बाई होती. मनाने चांगली. ऐकता ऐकता तिचे डोळेच भरून आले. “अरे, बाबा आधी! काम काय, होतच असतं. उद्या सकाळी पहिलं तेच करते.” दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बढती मिळाली आणि ती कंपनीच्या संस्कार-विभागाची प्रमुख झाली. मॅनेजर बदलला की अर्ज पुन्हा पहिल्या पायरीवर, अशी त्या सॉफ्टवेअरची रचना. रचना धाकट्यानेच केली होती, त्यामुळे ओरडायचं कुणावर हाही प्रश्नच.

दुसरा आला तो श्वासवाला. प्रत्येक मीटिंग तो तीन दीर्घ श्वासांनी सुरू करायचा. खालच्या इस्त्रीची फुसफुस ऐकून तो धाकट्याला म्हणाला, “छान, तुझा श्वास किती खोल आहे!” मग त्याने विचारलं, “रजा बाजूला ठेव. तुझ्या आत काय चाललंय?” आत काय चाललंय ते धाकट्याने सांगितलं. श्वासवाल्याने डोळे मिटून सगळं ऐकलं, छातीवर हात ठेवला, आणि आठवडा उलटायच्या आत नोकरी सोडून मौनाची शिबिरं घ्यायला निघून गेला. तिसऱ्याचं तर तोंडही दिसलं नाही. नावापुढे कुत्र्याबरोबरचा एक फोटो होता. फोटोही गेला, कुत्राही गेला.

महिना सरत चालला. ताई रोज विचारायची, “निघतोयस ना?” आणि हा रोज म्हणायचा, “होतंय, होतंय.” आता कुणीही म्हणेल, मरू दे तो अर्ज, उठावं आणि चालू पडावं! एकाने केलं होतं तसं. परत आला तर पासवर्ड चालेना. कुटुंबाने त्याला घराबाहेर काढलं होतं, तेही एका शब्दानेही न बोलता. धाकट्याची नोकरी अजून कच्ची होती, आणि ती पक्की झाल्याशिवाय ऑपरेशननंतरच्या औषधपाण्याला हातभार कसा लावणार, ही काळजी खोटी नव्हती.

मग सगळ्यांची मीटिंग लागली. कॅप्टनने कान सावरत जाहीर केलं की वाढीच्या या टप्प्यावर फार मॅनेजर असणं बरं नाही, यापुढे प्रत्येक टीममधला सर्वांत जुना माणूसच प्रमुख. सॉफ्टवेअरने जागच्या जागी हिशेब केला. धाकट्याच्या टीममध्ये तो स्वतः आणि दोन नवी पोरं. त्यातल्या एकाचा लॅपटॉप अजून वाटेत होता. सात महिने टिकलेला धाकटा म्हणजे तिथला भीष्माचार्यच! पडद्यावर त्याच्या चौकोनाला छोटासा मुकुट आला. लोकांनी टाळ्यांची चित्रं पाठवली, बदामांचा पाऊस पडला. “प्रमुख, तुझ्यावर फार भिस्त आहे,” कॅप्टन म्हणाला.

खोटं कशाला बोला, छाती फुगली त्याची. सात महिन्यांत पहिल्यांदा कॅप्टनने त्याच्याकडे पाहून काही म्हटलं होतं. त्याने आधी ताईला फोन लावला.

“अगं, मी प्रमुख झालो!”

“म्हणजे आता येशील ना?”

“आता काय, आपला हात जगन्नाथ! माझी रजा मीच मंजूर करणार.”

हसत हसत त्याने सॉफ्टवेअर उघडलं. प्रमुखाच्या पानावर एकच काम शिल्लक होतं. ‘तुमच्या टीममधल्या एका सदस्याने रजा मागितली आहे.’ शेजारी त्याचा स्वतःचा फोटो, पासपोर्टसाठी काढलेला, चेहरा चोरासारखा. खाली दोन बटणं. एक ‘होय’, दुसरं ‘पुढे सरकवू या’. त्याने बोट ‘होय’वर नेलं, तेवढ्यात खालचा मजकूर दिसला. त्याच आठवड्यात मोठ्या ग्राहकाला सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. रजा दिली तर टीमच्या नावापुढचा सातत्याचा हिरवा ठिपका पिवळा होईल, आणि ते पिवळं सगळ्या कंपनीला दिसेल.

ही भीती त्याला आधी नव्हती बरं का. परवापर्यंत तो नुसता नोकर होता, हिरव्या-पिवळ्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मुकुट आल्यावर ते पिवळं त्याच्या अंगावर आलं. त्याने बोट उचललं, खुर्चीतून उठला आणि तापल्या फरशीवर चटके खात फेऱ्या मारू लागला.

“या पोराला सोडलं तर दाखवणार कोण?” तो स्वतःशी म्हणाला. “त्या दोघांना तर सॉफ्टवेअर उघडताही येत नाही.”

“पण बाबांना बोलायचंय.”

“अरे, असा विचार कर. आधी जाऊन काय करणार? नुसत्या गप्पा. खरी गरज लागणार ऑपरेशनच्या दिवशी, नंतर. तेव्हा चार दिवस जा की! रजा तेवढीच, फक्त जरा पुढे.”

“आवाज नसेल तेव्हा.”

“फोन आहे ना.”

वाद रास्त होता, हीच तर पंचाईत. आधीच्या तिघांपैकी एकानेही इतका बिनतोड मुद्दा मांडला नव्हता. चष्मेवालीला त्याच्या बाबांची माहिती नव्हती, श्वासवाल्याला त्याच्या कामाची नव्हती. याला दोन्हींची होती. बरं, कॅप्टनचा निरोपही तेवढ्यात येऊन पडला, ‘या आठवड्यात सगळं तुझ्या खांद्यावर, प्रमुख.’ शेजारी पीळदार दंडाचं चित्र. धाकटा खुर्चीवर बसला, एक दीर्घ श्वास घेतला आणि ऑपरेशनच्या दिवसाची तारीख टाकून ‘पुढे सरकवू या’ दाबलं. कुणी जबरदस्ती केली नाही, कुणी डोळे वटारले नाहीत. शेळीने स्वतःलाच हाकलं.

लगेच त्याला उत्तर आलं. ‘प्रिय सहकारी, तुझ्या मॅनेजरने तुझ्या रजेचा मनापासून विचार केला आहे. तुझी रजा ऑपरेशनच्या दिवसापासून सुरू होईल. आधी माणूस!’ सवयीने त्याच्या तोंडून मॅनेजरला एक शिवी गेली. मग त्याला कसंसंच झालं आणि तो पाणी प्यायला.

बाबांना फोन करायला त्याने दुपार घालवली. काय सांगायचं ते ठरवलं होतं, पण बाबांनी “निघालास का?” असं विचारलं तो आवाजच असा होता, खरखरीत झालेला, तरी फळीवरून आल्यासारखा, की ठरवलेलं राहिलं बाजूला आणि भलतंच तोंडातून गेलं.

“बाबा, ते… रजा पुढे ढकललीय. ऑपरेशनच्या दिवशी येतो. वरून सोडत नाहीत.”

“वरून म्हणजे? कोण वर बसलाय?”

“मॅनेजर.”

झालं! बाबांना एवढंच हवं होतं. डॉक्टरांनी आवाज जपायला सांगितला होता. कशासाठी जपायचा, आता तो उरणारच किती दिवस, म्हणून बहुधा त्यांनी सगळा एकदम बाहेर काढला.

“कोण रे हा गाढव? त्याला विचार, तुला बाप होता की आभाळातून पडलास? इथे माणसाचा गळा कापायला निघालेत आणि हा म्हणे पुढे ढकला! गळा काय पुढे ढकलतोस, अक्कलशून्य माणसा? आरशात तोंड बघतोस की नाही कधी? अरे, जन्म गेला माझा बाजारात, सडका माल काय कमी पाहिला! सडका टोमॅटो निदान गाईला तरी घालता येतो. हा माणूस लिलावात उभा केला ना, तर फुकट कुणी उचलणार नाही, वर हमाली मागतील! दे, दे त्याला फोन. मी बोलतो. नोकरी गेली तर गेली. कळू दे त्याला.”

पलीकडून ताई म्हणत होती, “बाबा, पुरे, घसा!” पण बाबा रंगात आले होते. किती दिवसांनी आले होते. धाकट्याने फोन कानाला घट्ट धरला होता. एकही शिवी वाकडी पडत नव्हती, प्रत्येक बरोबर लागत होती. त्याला वाटलं, सांगून टाकावं. ओठापर्यंत आलं.

मग बाबा एकदम मवाळ झाले. खोकले. दम लागला होता.

“तुला नाही बोलत हां मी. तू नको मनाला लावून घेऊस. तुझ्या हातात असतं तर तू धावत आला असतास, मला ठाऊक नाही का?”

समोर पडदा उघडाच होता. ‘होय’ अजून तिथेच होतं. प्रमुखाला निर्णय बदलता येतो, ती सोयही त्यानेच केली होती. एक बोट हलवायचं, पिशवी भरायची, स्टेशन गाठायचं.

“हो बाबा,” तो म्हणाला.

त्याने फोन ठेवला. लाज वाटली. फार लाज वाटली, आणि त्याच लाजेने त्याला खुर्चीत बसवून ठेवलं. आता ‘होय’ दाबून गेलो तर बाबा विचारणार, कसं काय सोडलं त्याने? मग काय सांगायचं? त्यापेक्षा काम बरं. तो आठवडाभर तयारी करत राहिला, नव्या पोरांना शिकवत राहिला, सातत्य हिरवंगार ठेवलं. रोज संध्याकाळी घरी फोन करायचा, तर ताईच घ्यायची. त्या दिवशीच्या आरडाओरड्याने बाबांचा घसा पार बसला होता. “खुणा करतात नुसत्या,” ती म्हणायची. “तू ये, मग बघू.” ग्राहकाला सॉफ्टवेअर दाखवायच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून बसला. ऐनवेळी ग्राहकाचा निरोप आला, त्यांचा मुख्य माणूस रजेवर गेला होता. कॅप्टनने हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं.

ऑपरेशनच्या दिवशी धाकटा रुग्णालयात पोचला तेव्हा बाबांना केव्हाच आत नेलं होतं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, गाठ मुळासकट निघाली, आता बाबा पुष्कळ जगतील. ताई आनंदाने रडली. धाकटाही रडला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी नीट डोळे उघडले. गळ्याला जाडजूड पट्टी, तिच्यातून नळी बाहेर काढलेली. ताई औषधं आणायला खाली गेली होती. कॉटजवळ बसलेल्या धाकट्याकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हात उचलला, त्याच्याकडे बोट केलं, मग ते बोट वर छताकडे दाखवलं, ‘वरचा’ माणूस. मग दोन्ही मुठी आवळून कोंबडीची मान मुरगाळावी तशा फिरवल्या. खांदे गदागदा हलत होते. बाबा हसत होते, नळीतून नुसती हवा येत होती.

“बाबा,” धाकटा म्हणाला, “वर कुणी नव्हतं. तो मीच होतो. मला येता येत होतं.”

बाबांच्या मुठी तशाच हवेत राहिल्या. मग हळूहळू सुटल्या आणि हात चादरीवर आले. ओठ हलले, काहीतरी म्हणायला निघाले असावेत. धाकटा पुढे वाकला. उभा जन्म तो या माणसाच्या तोंडाला घाबरत आला होता, आणि आता त्याला तेच हवं होतं, तो गाढव, तो सडका टोमॅटो, ती हमाली, सगळं, समोर बसून, नाव घेऊन. आवाज आला नाही. बाबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटून घेतले. झोप लागली की आणखी काही, ते विचारायची सोय उरली नव्हती.